फीत कापून झाल्यावर

१८ नोव्हेंबर २०२१ च्या मध्यरात्री घानातल्या टोलनाक्यांवरची वसुली थांबली. आदल्याच दिवशी अर्थमंत्री केन ओफोरी-आट्टा यांनी अर्थसंकल्प मांडताना टोल रद्द करण्याची घोषणा केली होती. संसदेची मंजुरी यायची होती, पण रस्तेमंत्र्यांना तेवढाही धीर धरवला नाही. मोटारीमागे टोल होता ५० पेसेवा, म्हणजे अर्धी सेडी. त्या वेळच्या हिशेबाने आपले साधारण सहा रुपये. त्यासाठी आक्रा-टेमा मोटरवेवर गाड्यांच्या रांगा लागायच्या, म्हणून मोटारवाले खूश झाले. नाराज झाले ते रांगेच्या जिवावर जगणारे: काचेपाशी येऊन कच्च्या केळ्याचे वेफर, ब्रेड आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं थंड पाणी विकणारे. खिडकीत बसून पावत्या फाडणाऱ्यांमध्ये अपंगांची संख्या मोठी होती, कारण नाक्यांवरच्या नोकऱ्यांत त्यांना वाटा देण्याचं सरकारचंच धोरण होतं. त्यांचीही रोजी गेली. एवढे सोडले तर टोल जाण्याचं दुःख फारसं कोणाला झालं नाही आणि होण्याचं कारणही नव्हतं. पण हा निर्णय घानाच्या महामार्गांच्या जुन्या दुखण्याकडे बोट दाखवतो. त्या देशाला रस्ते बांधता येत नाहीत असं मुळीच नाही. रस्त्याच्या नावाने गोळा केलेला पैसा रस्त्यापर्यंत पोचू देण्याची राजकीय शिस्त त्याला साधलेली नाही. घानाने नव्या महामार्गांच्या घोषणा काही वर्षं बाजूला ठेवाव्यात, आहेत ते सांभाळण्याचा खर्च आधी बाजूला काढावा आणि तो वाहनाच्या वजनाच्या प्रमाणात वसूल करावा, असं माझं मत आहे.

घाना क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून जरासा मोठा आहे. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ३ कोटी ८ लाख. त्याचे महामार्ग नकाशावर चटकन डोळ्यांत भरतात. एन-१ टोगोच्या सीमेवरच्या आफ्लाओपासून निघतो आणि आक्रा, केप कोस्ट, ताकोराडी करत आयव्हरी कोस्टच्या सीमेवरच्या एलुबोपर्यंत किनाऱ्याच्या कडेकडेने जातो. आक्राहून कुमासीला एन-६. कुमासीहून टेचिमान, टमाले, बोल्गाटांगा करत बुर्किना फासोच्या वेशीवरच्या पागापर्यंत एन-१०. पूर्वेला, व्होल्टा सरोवराच्या पलीकडून, टेमा बंदरापासून येंडी करत थेट ईशान्य टोकाच्या कुलुंगुगूपर्यंत एन-२. राष्ट्रीय आणि प्रादेशिक मिळून मुख्य रस्ते साधारण १५ हजार किलोमीटर भरतात. देशातली ९० टक्क्यांहून जास्त प्रवासी आणि मालवाहतूक रस्त्यावरूनच होते, कारण रेल्वे नावापुरती उरली आहे. नकाशा जरा निरखून पाहिला की दिसतं, जाड रेघा बहुतेक दक्षिणोत्तर आहेत, बंदराकडून आतल्या मुलखाकडे जाणाऱ्या. आतल्या गावांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या रेघा बारीक आणि तुटक.

हे आपोआप झालेलं नाही. इंग्रजांनी सेकोंडीहून कुमासीपर्यंत रेल्वे नेली, ती १९०३ मध्ये पोचली. वाटेत सोन्याच्या खाणी होत्या. मग कोकोची लाट आली आणि कोकोबरोबर लॉरी आली. ज्या भागात रेल्वे नव्हती तिथे शेतकऱ्यांनी आणि गावप्रमुखांनी वाट पाहिली नाही. पदरचे पैसे घालून त्यांनी रस्ते आणि पूल करून घेतले. या लॉरीची वसाहत सरकारला धास्ती वाटली, कारण ती रेल्वेचा माल पळवत होती. रेल्वेला स्पर्धा नको म्हणून काही मार्गांवर रस्त्यात मुद्दाम खंड ठेवण्याचं धोरण राबवलं गेलं. १९३६ च्या एका कायद्याने ठरावीक रस्त्यांवर ठरावीक माल लॉरीने नेण्यावर निर्बंध आले. म्हणजे रस्ता कुठून जावा, किती रुंद असावा, त्यावर खर्च किती व्हावा, हे ठरवताना त्या रस्त्याची आणि तो वापरणाऱ्यांची गरज पहिल्यापासून मागच्या बाकावर होती. उत्तरेकडे तर रेल्वेही गेली नाही आणि रस्तेही उशिरा गेले. तो मुलूख खाणींना आणि कोकोच्या मळ्यांना मजूर पुरवण्यासाठी आहे असंच धरलं गेलं.

स्वातंत्र्यानंतर पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांनी बांधायला घेतलं ते ऐटीत. आक्रा-टेमा मोटरवे १९६५ चा. १९ किलोमीटरच्या त्या काँक्रीटच्या रस्त्याने पुढची कित्येक दशकं, बहुतांशी स्वतःच्याच ताकदीवर, राजधानी आणि बंदर जोडून ठेवलं. त्याच वर्षी आकोसोम्बोचं धरण पूर्ण झालं. वीज आली, पण ८,५०० चौरस किलोमीटरचं सरोवरही आलं. सुमारे ८० हजार माणसं उठली, जुने मार्ग पाण्याखाली गेले आणि देशाचा पूर्व भाग उरलेल्या मुलखापासून तुटला. १९७४ मध्ये घानाने आणखी एक मोठं काम नीट पार पाडलं. ४ ऑगस्टला अख्खा देश रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवणं सोडून उजवीकडे आला. शेजारचे तिन्ही देश फ्रेंच वळणाचे, सीमा ओलांडताना बाजू बदलावी लागे, म्हणून हा बदल. मोहिमेचं नावही सरळ होतं, ‘उजवीकडे चालवा’. त्याच वर्षी घाना हायवे ऑथॉरिटी स्थापन झाली. एका दिवसात साऱ्या देशाची वाहतूक बदलणाऱ्या प्रशासनाला खड्डा बुजवता येत नाही, हे म्हणूनच पटत नाही. जमतं सगळं, पण त्याला पैसा लागतो, आणि तो दर वर्षी, न चुकता.

रस्ता मरतो कसा हे नीट पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट कळणार नाही. घानातल्या मुख्य रस्त्यांपैकी बऱ्याच रस्त्यांवर जाड डांबरी काँक्रीटचा थर नसतो. खाली दाबून बसवलेला लाल मुरूम, वर खडीचा थर आणि त्यावर गरम डांबर फवारून पसरलेल्या बारीक खडीचा एक-दोन पदरी मुलामा. हा लाल मुरूम कोकणातल्या माणसाला परका नाही. आपला जांभा आणि तो, दोन्ही लॅटेराइटच. शास्त्रात हे नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्यूकननने मलबारच्या दगडावरून रूढ केलं, आणि आज पश्चिम आफ्रिकेतल्या रस्त्यांच्या निविदांमध्ये तोच शब्द पानोपानी येतो. लॅटेराइट कोरडा असेपर्यंत गाडीचं वजन मुकाट पेलतो. पाणी मुरलं की लोणी होतो. वरच्या डांबरी मुलाम्यात स्वतःची ताकद फारशी नसते, त्याने फक्त पाणी अडवायचं. सात-आठ वर्षांत तो उन्हाने कडक होतो आणि केसासारखी भेग पडते. त्याच वेळी पुन्हा एकदा डांबर-खडी मारली तर रस्ता आणखी सात-आठ वर्षं निघतो. नाही मारली तर पुढच्या पावसात पाणी भेगेतून खाली उतरतं. वरून ट्रकचं चाक गेलं की खालचा मुरूम चिखल होऊन भेगेतून वर उडतो, डांबरावर तांबूस डाग दिसू लागतात. हा डाग दिसला की समजावं, पोट रिकामं व्हायला लागलं. मग भेगांची जाळी होते, जाळीचा खड्डा होतो. गावातली पोरं खोऱ्याने त्यात माती भरतात आणि जाणाऱ्या गाड्यांकडे हात पसरतात. इथवर पोचलेला रस्ता डांबर-खडी मारून सुधारत नाही. तो पायापासून खोदून पुन्हा करावा लागतो.

जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेचा एक हिशेब होता. आधीच्या दशकभरात वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलरची देखभाल झाली असती, तर रस्ते पुन्हा बांधण्याचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. हे इतकं स्वच्छ असूनही होत का नाही? कारण डांबर-खडीच्या मुलाम्याची फीत कापता येत नाही. साइडपट्टीवरचं गवत काढलं, मोरीतला गाळ उपसला, याचं उद्घाटन कोणी करत नाही. हे घानातल्या शहाण्या लोकांनाही ठाऊक होतं. म्हणूनच १९९७ मध्ये कायदा करून रोड फंड स्थापन झाला. इंधनावरचा अधिभार, टोल, वाहन नोंदणीची फी आणि परदेशी ट्रकांकडून घेतलेली पारगमन फी या फंडात जमा व्हायची आणि ती प्रामुख्याने देखभालीवर खर्च व्हायची. दर वर्षी अर्थमंत्र्यांच्या दाराशी हात जोडून उभं राहायला लागू नये, ही त्यामागची कल्पना. त्या काळात आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी असे फंड काढले आणि घानाचा फंड त्यातल्या बऱ्यापैकी चाललेल्यांपैकी होता.

पुढे त्याला तीन बाजूंनी गळती लागली. पहिली २०१७ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने राखीव ठेवलेल्या सगळ्या निधींवर मिळून एक कमाल मर्यादा आली, एकूण करउत्पन्नाच्या २५ टक्के. रोड फंडाच्या नावाने वसूल झालेल्या पैशातला मोठा हिस्सा सरळ सरकारच्या सामान्य तिजोरीत राहू लागला. वाहनचालक पंपावर रस्त्यासाठी म्हणून पैसे भरत राहिला आणि रस्त्याला त्यातले थोडेच मिळत राहिले. दुसरी गळती महागाईची. इंधनावरचा रस्ते अधिभार टक्केवारीत नाही, तर लिटरमागे ठरावीक पेसेवांत असतो. २०१९ मध्ये तो ४८ पेसेवा होता आणि नंतरची वर्षं तिथेच थांबून राहिला. २०१९ च्या सुरुवातीला डॉलरला पाचच्या आसपास सेडी पडत. २०२४ च्या अखेरीस १५ च्या आसपास पडू लागल्या. डांबर बाहेरून येतं, यंत्रांचे सुटे भाग बाहेरून येतात. म्हणजे तेच ४८ पेसेवा जवळपास सहा वर्षांत एक तृतीयांशाचं काम करू लागले आणि त्यासाठी संसदेत कोणाला हात वर करावा लागला नाही. कपात झाली, पण केली कोणीच नाही. तिसरी गळती टोलची.

इथे एक कबुली द्यायला हवी. टोलमधून येणारी रक्कम इंधन अधिभाराच्या तुलनेत किरकोळ होती. अर्ध्या सेडीच्या पावतीत गळतीही असणार, नाक्यावर जळणारं पेट्रोलही धरायला हवं. टोल रद्द झाल्याने घानाचे रस्ते बिघडले असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही, ते आधीच बिघडत होते. मला खटकतं ते वेगळंच. टोलच्या जागी काय आणलं ते पाहा. त्याच अर्थसंकल्पात ई-लेव्ही आली, मोबाइलवरून पैसे पाठवण्यावरचा कर. संसदेत त्यावरून हातघाईपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी १ मे २०२२ पासून तो दीड टक्क्याने लागू झाला, पुढे एक टक्क्यावर आला आणि २०२५ मध्ये रद्दही झाला. म्हणजे रस्ता घासणाऱ्या ट्रककडून पैसे घेणं बंद करायचं आणि बाजारात भाजी विकून आईला गावी पैसे पाठवणाऱ्या बाईकडून घ्यायचे, असा तो सौदा होता. करात न्याय किती, हा वेगळा वाद. पण जो नुकसान करतो त्याने भरपाई द्यायची, हे साधं नातं त्या सौद्यात तुटलं. शेवटी ई-लेव्हीही गेली आणि टोलही गेला.

हा मोह फक्त घानाचा नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. हा टोल ज्या पुलांसाठी घेतला जाई, त्यांच्या बांधकामाचा खर्च वसूल झाला की नाही यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि त्यात लोकांचा संशय खोटा नव्हता. पण त्या भांडणात एक प्रश्न कधी ऐकू आला नाही: बांधकामाचे पैसे फिटले तरी देखभालीचे पैसे उद्या कोणाकडून यायचे? टोल म्हणजे बांधकामाचा हप्ता, एवढंच आपण धरून बसलो आहोत. घानात नेमकं तेच झालं. निदान मुंबईच्या सवलतीत जड वाहनांचा टोल चालू राहिला. घानाने मोटार आणि ट्रेलर एकाच झाडूने झाडून काढले.

ट्रेलरचं वजन इतकं महत्त्वाचं का? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून अभियंत्यांना एक ढोबळ नियम मिळाला: रस्त्याचं नुकसान आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट झालं की नुकसान सोळापट. छोट्या मोटारीच्या आसावर सहाशे किलो आणि ट्रकच्या आसावर आठ टन धरले, तर ट्रकचा एक आस मोटारीच्या एका आसापेक्षा तीस हजार पटींहून जास्त रस्ता झिजवतो. पश्चिम आफ्रिकेत ठरलेली मर्यादा आसाला साडेअकरा टन आहे. त्यावर पंधरा टन लादले तर माल वाढला तीस टक्के आणि रस्त्याची झीज झाली जवळपास तिप्पट. बुर्किना फासोहून पागामार्गे टोमॅटो येतो, नायजरहून कांदा येतो. लाकडी खोक्यांची चळत टपावर पुरुषभर उंच चढलेली असते, ताडपत्री दोरांनी आवळलेली असते आणि ट्रक एका अंगाला कललेला असतो. असा ट्रक टेचिमानच्या बाजारात पोचतो तेव्हा त्या खेपेचा नफा एकट्या मालकाचा असतो. एन-१० ची झालेली झीज मात्र त्या रस्त्याने पुढची दहा वर्षं जाणाऱ्या प्रत्येक ट्रोट्रोच्या भाड्यात हळूहळू वसूल होते. ट्रोट्रो म्हणजे तिथली वडाप, दारात लटकून गावाची नावं ओरडणाऱ्या ‘मेट’सकट.

वजनाचा हिशेब लावण्यावर पहिला आक्षेप गरिबांच्या नावाने येतो, आणि तो नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. वजनकाट्यावर कडक झालात तर टोमॅटो महाग होईल, मालवाहतूकदार संप करतील, तळातला माणूस भरडला जाईल. टोमॅटो थोडा महाग होईल, खरं आहे. पण आजही तो स्वस्त नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर वाया गेलेले तास, फुटलेले टायर, तुटलेले पाटे आणि वाटेत नासलेला माल त्याच्या किमतीत आधीच धरलेला आहे. फरक इतकाच, की काट्याचा खर्च दिसतो आणि खड्ड्याचा दिसत नाही. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, तेव्हाही वाहतूक स्वस्त होईल असंच सांगितलं गेलं. चौथ्या घाताच्या नियमाने हिशेब केला तर मर्यादेइतका माल भरणाऱ्या आसाची झीज दीडपटीहून जास्त होते. ही वाढ भरून काढायला तेवढाच जादा पैसा देखभालीला मिळतो का, हा प्रश्न तेव्हा दिल्लीत कोणी फारसा विचारला नाही. आक्रातही विचारला जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. टेमा, लोमे, आबिदजान ही बंदरं एकमेकांशी स्पर्धा करतात. बुर्किना, माली आणि नायजर यांना समुद्र नाही. त्यांचं सिमेंट, तांदूळ, कापूस या तीनपैकी एखाद्या बंदरातूनच ये-जा करतं. घानाने एकट्याने काटा कडक केला तर ट्रक टोगोकडे वळतील आणि टेमाचं उत्पन्न बुडेल. २०२५ च्या जानेवारीत हे तिन्ही देश इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेतून बाहेर पडले, त्यामुळे सगळ्यांनी मिळून एकच मर्यादा पाळायचं व्यासपीठही कमकुवत झालं. हे मान्य. पण हे तिन्ही देश अजून युएमोआ या चलनसंघात आहेत आणि आसाच्या वजनाचा त्या संघाचा नियम २००५ पासून आहे. टोगो आणि आयव्हरी कोस्टही त्यात आहेत. म्हणजे शेजाऱ्यांच्या कायद्यात मर्यादा आहेच, ती पाळायला लावण्याचा करार फक्त घानाला करून घ्यायचा आहे. शिवाय एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पारगमनाचा ट्रक जेवढी फी देतो त्याहून जास्त रस्ता झिजवत असेल, तर तो ट्रक लोमेला गेलेला बरा. तोट्याचं गिऱ्हाईक टिकवण्यासाठी दुकान चालवत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यात मानाचा: आधी रस्ते तर बांधा, मग सांभाळायचं बघू. उत्तरेतल्या माणसाला हे बोलण्याचा अधिकार आहे. एन-२ चा पूर्व पट्टा वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने झाला. एक पट्टा डांबरी, पुढचा मातीचा, पावसाळ्यात कुठे अडकाल याचा नेम नाही. तो पुरा व्हायलाच हवा, यावर माझा वाद नाही. माझं म्हणणं नव्या मार्गांच्या घोषणांबद्दल आहे. आबिदजान ते लागोस असा १,०२८ किलोमीटरचा सहापदरी महामार्ग पाच देशांनी मिळून करायचा, यासाठीचा करार २०१४ चा आहे आणि त्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग घानातून जातो. छान कल्पना आहे. पण हा रस्ता झाला की त्याच्या देखभालीचा खर्चही दर वर्षी घानाच्याच डोक्यावर येणार. आजच्या पंधरा हजार किलोमीटरची तजवीज नसताना त्यात भर घालणं म्हणजे कर्ज काढून बैलगाडी घ्यायची आणि बैलांच्या वैरणीची सोय करायची नाही.

बांधून झालेल्या रस्त्याचं काय होतं, याचं एक उदाहरण राजधानीतलंच आहे. आक्रातल्या मदिना-आडेंटा रस्त्याची रुंदी वाढवली, गाड्या सुसाट धावू लागल्या आणि पादचारी पूल मात्र अर्धवट राहिले. नुसते खांब आणि सांगाडे. त्यांच्याखालून जीव मुठीत धरून सहापदरी रस्ता ओलांडणारी माणसं एकामागून एक मेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकांनी टायर जाळून रस्ता अडवला आणि मग पूल पुरे झाले. रस्ता वाहतुकीसाठी केव्हाच खुला झाला होता. उरलं होतं ते फक्त माणसांनी तो ओलांडण्याचं. बांधण्याला सांभाळण्याच्या वर ठेवलं की अशी कामं मागे पडतात, कारण त्यांच्या नावाने कोणी मतं मागत नाही.

बाहेरून येणारा पैसाही हेच वळण पक्कं करतो. एन-१ चा आक्रातला चौदा किलोमीटरचा टापू अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज अनुदानातून झाला, २०१२ मध्ये खुला झाला आणि त्याला जॉर्ज वॉकर बुश यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये चीनच्या सायनोहायड्रोशी बॉक्साइटच्या बदल्यात रस्ते आणि पूल, असा २ अब्ज डॉलरचा करार झाला. भारतही यात आहे. टेमा ते म्पाकादान ही ९७ किलोमीटरची रेल्वे भारताच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून मुंबईच्या अफकॉन्सने बांधली आणि तिचं उद्घाटन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालं. हे सगळे प्रकल्प उपयोगाचे आहेत. रेल्वे तर एन-२ वरचं ओझं थोडं कमीही करेल, चालवली तर. पण कर्ज देणाऱ्याला नावाची पाटी लावता येईल असं काहीतरी हवं असतं आणि मोरीतल्या गाळावर पाटी लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने बहुतेक परदेशी कर्जाची फेड थांबवली. तेव्हा परदेशी पैशांवर चाललेली रस्त्यांची कामं जागच्या जागी थबकली आणि देशातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी खेटे घालू लागले. पाऊस मात्र थबकला नाही.

चौथा आक्षेप अर्थखात्याचा. एका खात्यासाठी पैसा राखून ठेवला की शाळा आणि दवाखाने उपाशी राहतात, सगळा पैसा एका तिजोरीत यावा आणि गरजेप्रमाणे वाटावा. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण इंधनावरचे पेसेवा हे रस्ता वापरण्याची फी म्हणून घेतले जातात. फी घेऊन सेवा न देणं हा शाळांना न्याय नव्हे. आणि खरी तुलना शाळा की रस्ता अशी नाहीच. आज थोडक्यात होणारी डांबर-खडी टाळली की सात-आठ वर्षांनी कित्येक पटींचा खर्च याच तिजोरीतून जाणार, आणि तेव्हा शाळांचे पैसे आणखी कापले जाणार. २०१७ च्या मर्यादेने वाचलेला पैसा वाचलेला नाही, तो पुढच्या सरकारच्या नावावर उधार लिहिला गेला आहे.

२०२५ पासून गोष्टी थोड्या हलल्या आहेत. जॉन महामा यांच्या सरकारने अर्थसंकल्पात देखभालीच्या निधीवरची ती कमाल मर्यादा उठवली. महामार्ग, शहरी रस्ते आणि ग्रामीण रस्ते अशी तीन वेगळी खाती एकत्र करून एकच राष्ट्रीय रस्ते प्राधिकरण करण्याचा कायदा त्याआधी, २०२४ मध्येच झाला होता. टोल पुन्हा आणायचा, पण आता पावतीशिवाय, इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, असंही जाहीर झालं आहे. आणि या सगळ्याच्या वर ‘बिग पुश’ नावाची दहा अब्ज डॉलरची बांधकाम योजना आहे, निवडणुकीत दिलेला शब्द. मर्यादा उठवणं योग्यच. पण बिग पुशच्या नव्या रस्त्यांची देखभालही त्याच निधीने करायची असेल तर मर्यादा उठवूनही तो दोन वर्षांत पुन्हा अपुरा पडेल. टोल आणायचाच तर आसांच्या संख्येवर आणि काट्यावरच्या वजनावर आणावा. मोटारीला आणि ट्रोट्रोला नाममात्र ठेवावा किंवा वगळावंही, फारसं बिघडणार नाही. इंधन अधिभार महागाईशी जोडावा, म्हणजे तो वाढवण्यासाठी दर वेळी मंत्र्याला छातीचा कोट करावा लागणार नाही. आणि दर वर्षी कोणत्या रस्त्याच्या किती किलोमीटरवर डांबर-खडी झाली, किती मोऱ्या साफ झाल्या, याची यादी जिल्ह्याजिल्ह्यात भिंतीवर लागावी. टेचिमानच्या ट्रकवाल्याला आणि बोल्गाटांगाच्या भाजीवालीला ती वाचता यावी.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी बिग पुशचा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर असेल. आक्रातल्या पत्रकारांनी त्याच्या खाली दोन ओळी शोधाव्यात: नियमित देखभालीला किती, आणि लिटरमागचा रस्ते अधिभार अजून ४८ पेसेवाच आहे का.